नऊ तासांचा प्रबंध, तीन मिनिटांत

ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध बोलून दाखवायचा तर नऊ तास लागतील, असा हिशेब ‘थ्री मिनिट थीसिस’ या स्पर्धेच्या आयोजकांनी मांडलेला आहे. तो कोणी प्रत्यक्ष करून पाहिला असेल असे वाटत नाही, कारण प्रबंध आरंभापासून अखेरपर्यंत सलग वाचणारा माणूस त्याच्या लेखकाच्या घरीही सापडत नाही. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने आपले संशोधन त्या विषयाचा गंध नसलेल्या लोकांना सांगायचे, या प्रकाराचा ही स्पर्धा म्हणजे आजचा सर्वांत रूढ नमुना. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने ती २००८ मध्ये सुरू केली. तिच्यामागे विज्ञानप्रसाराची तळमळ होती तसाच दुष्काळही होता. त्या काळात क्वीन्सलँडमध्ये पाण्याची एवढी टंचाई होती की अंघोळ तीन मिनिटांत उरकावी म्हणून लोकांनी न्हाणीघरात तीन मिनिटांची घड्याळे लावली होती. विद्यापीठातील प्राध्यापक अ‍ॅलन लॉसन यांना त्यावरून सुचले, की अंघोळ एवढ्यात होत असेल तर प्रबंधही व्हायला हरकत नाही. महाराष्ट्राला १९७२ च्या दुष्काळाने रोजगार हमी योजना दिली, क्वीन्सलँडच्या दुष्काळाने जगाला ही स्पर्धा दिली. दोन्हींत राबणारा माणूस सारखाच थकतो.

स्पर्धा आता ८० हून अधिक देशांत पोचली आहे. नियम मोजके आणि कडक आहेत. पडद्यावर एकच स्लाइड, तीही स्थिर. तिच्यात काही हलता कामा नये. वेशभूषा, वाद्ये, प्रयोगशाळेतील उपकरणे मंचावर आणायची नाहीत. गाणे, कविता किंवा रॅप चालणार नाही. स्पर्धकाने बोलून किंवा नुसत्या हावभावाने सुरुवात केली, तरी घड्याळ सुरू होते आणि तीन मिनिटांवर एक क्षण गेला की तो बाद. वाद्य आणू नये असा नियम कोणीतरी वाद्य आणल्याशिवाय किंवा आणण्याची धमकी दिल्याशिवाय कोणाला सुचत नाही, त्यामुळे ही यादी वाचताना संशोधकांच्या सुप्त गुणांची बरीच कल्पना येते.

या सुप्त गुणांची सोय अन्यत्र झालेली आहे. त्याच २००८ साली जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने ‘डान्स युअर पीएच.डी.’ ही स्पर्धा सुरू केली. तिच्यात प्रबंध नाचून दाखवायचा असतो. २०२४ मध्ये ती जिंकणाऱ्या वेलिटॉन मेनारिओ कॉस्टा यांचे संशोधन कांगारूंच्या स्वभावभेदांवर होते. कांगारूंचा स्वभाव नाचून दाखवता येतो हे मान्य करायला हवे; करसंकलनाच्या प्रादेशिक असमतोलावर प्रबंध लिहिणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न उरतो. जर्मनीत ‘सायन्स स्लॅम’ असतो. तिथे साधारण दहा मिनिटे मिळतात आणि विजेता श्रोतेच ठरवतात. फ्रेंच भाषकांनी तीन मिनिटांचे १८० सेकंद केले आणि आपली वेगळी स्पर्धा काढली. भारत सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये ‘अवसर’ ही योजना आणली. तिच्यात आपल्या संशोधनावर सोपा लेख लिहायचा असतो आणि पहिले बक्षीस १ लाख रुपयांचे. फेलोशिप महिनोन्‌महिने थकण्याचा अनुभव असलेल्या विद्यार्थीवर्गात या योजनेमुळे सोप्या लेखनाची आवड एकाएकी वाढली, तर त्यात आश्चर्य नाही.

लोकांपुढे विज्ञान मांडायची भीती मात्र जुनी आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२६ पासून शुक्रवारची संध्याकाळची व्याख्याने चालत आलेली आहेत. एका शुक्रवारी चार्ल्स व्हीटस्टन हे शास्त्रज्ञ ऐनवेळी घाबरून पळून गेले आणि मायकेल फॅरडेला त्यांच्या जागी उभे राहावे लागले, अशी तिथली आख्यायिका आहे. तिच्या खरेपणाविषयी इतिहासकारांना शंका आहे. संस्थेला ती नसावी, कारण व्याख्यानाआधी अर्धा तास वक्त्याला खोलीत बंद करून ठेवण्याची प्रथा तिथे पडली. महाराष्ट्रात अशी प्रथा नाही. इथे पळून जाण्याची इच्छा वक्त्यापेक्षा श्रोत्यांना अधिक होते आणि कार्यक्रमानंतर अल्पोपाहार आहे असे पत्रिकेत छापून त्यांना थोपवता येते.

तीन मिनिटांच्या स्पर्धेच्या तयारीची सुरुवात शीर्षकापासून होते. नमुन्यादाखल फळमाश्यांच्या झोपेवर काम करणारी एक विद्यार्थिनी घेऊ. तिच्या प्रबंधाचे नाव असते, ‘ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टरमधील मशरूम बॉडी न्यूरॉन्सच्या डोपामिनर्जिक नियमनाचा निद्रा-समतोलावरील परिणाम : एक अभ्यास’. यातले ‘एक अभ्यास’ एवढेच सामान्य श्रोत्याला कळते. पहिल्या सुधारणेत त्याचे ‘चिलटांची झोप’ होते. ते लोकांना कळते, पण गाईडना फार हलके वाटते. दुसऱ्या सुधारणेत ‘आपल्याला झोप का येते?’ असे होते आणि सगळ्यांना आवडते. माशी मात्र तिथून उडून गेलेली असते. श्रोते जसे वाढतात तसा प्रयोगातला प्राणी मोठा होत जातो, असा एक नियमच या क्षेत्रात दिसतो. शोधनिबंधात पाच ते सात दिवस वयाच्या, २५ अंश सेल्सियसला वाढवलेल्या नर माश्या असतात. विभागाच्या सेमिनारमध्ये त्यांची नुसती ‘माशी’ होते, स्पर्धेत ‘सजीव’ होतो आणि वर्तमानपत्रात पोचेपर्यंत त्याचा माणूस झालेला असतो.

खरे तर माशी पाहण्यासारखी असते. करंगळीएवढ्या लांबीच्या आणि पेन्सिलीपेक्षा अरुंद अशा काचेच्या नळीत एकेक माशी कोंडलेली असते. नळीच्या एका टोकाला खाद्य, दुसऱ्या टोकाला कापसाचा बोळा. मध्यावरून अवरक्त किरणांची एक तिरीप आरपार जाते. माशी येरझारा घालताना ती तिरीप तुटते आणि संगणक तेवढे मोजतो. पाच मिनिटे ती तुटली नाही, तर माशी झोपली असे समजतात. माशी डोळे मिटत नाही, घोरत नाही, त्यामुळे याहून चांगला पुरावा मिळणे अवघड आहे. माश्यांना रात्रभर जागे ठेवायचे असेल तर नळ्या यंत्राने अधूनमधून हलवतात. विद्यार्थिनीला जागे ठेवायला यंत्र लागत नाही. दुसऱ्या दिवशी जागरण झालेल्या माश्या नेहमीपेक्षा जास्त झोपतात, आणि खाद्यात कॅफीन मिसळले तर झोप कमी होते. इथवर माणूस आणि चिलट यांच्यात काही अंतर नाही, आणि हे नळ्यांसकट नुसते सांगितले तरी कुठल्याही सभागृहात माणसे पुढे सरकून ऐकतील. पण ते सांगितले जात नाही, कारण त्यात ‘प्रभाव’ नसतो.

प्रभावासाठी आधी कापाकापी करावी लागते. पहिल्या तालमीत भाषण सात मिनिटांचे भरते. सर्वांत आधी मर्यादा उडवल्या जातात. ‘काही अंशी’, ‘या परिस्थितीत तरी’, ‘नमुना लहान असल्यामुळे’, ‘असे सूचित होते’ हे शब्द वापरल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, असे गाईडने पाच वर्षे घोटून घेतलेले असते. तालमीला बसलेला मित्र घड्याळाकडे बघत सांगतो, “हे सगळं काढ. माशीला झोप डोपामिनमुळे उडते की नाही ते सांग.” दुसऱ्या फेरीत आधीच्या संशोधकांची नावे जातात, म्हणजे विसाव्या शतकाचा उत्तरार्ध जाऊन आठ सेकंद वाचतात. तिसऱ्या फेरीत अपयश जाते. तिसऱ्या वर्षी खाद्याच्या बाटल्यांत माइट्स शिरले, माश्यांचे अर्धे वाण फेकून द्यावे लागले आणि विद्यार्थिनीने कोल्ड रूमच्या दाराशी बसून घरी फोन लावला, ही हकिगत प्रबंधातही नसते आणि भाषणातही राहत नाही. संपूर्ण पीएच.डी.मध्ये सामान्य माणसाला आपोआप कळेल असे तेवढेच एक प्रकरण होते. उरतो तो विजयाचा वृत्तान्त. प्रश्न पडला, प्रयोग केला, उत्तर मिळाले. असे संशोधन कोणाच्याही हातून आजवर झालेले नाही, पण तीन मिनिटांत फक्त तेच मावते.

रिकाम्या झालेल्या जागेत उपमा येतात. उपमांचा साठा सार्वजनिक असतो आणि त्यातून सगळे उचलतात. पेशी म्हणजे शहर, मायटोकाँड्रिया म्हणजे वीजकेंद्र, डीएनए म्हणजे पुस्तक. प्रतिकारशक्तीवर काम करणारा प्रत्येक जण तिसाव्या सेकंदाला सैन्य उभे करतो. भौतिकशास्त्रवाल्यांची चादर ठरलेली: अवकाश म्हणजे ताणलेली चादर, तिच्यावर सूर्याचा जड गोळा ठेवला की खळगा पडतो आणि गोट्या त्याच्याभोवती फिरतात. ही उपमा मोठी माणसे मान हलवून स्वीकारतात. सातवीतला एखादा मुलगा विचारतो, “पण गोळा चादरीत खाली जातो तो गुरुत्वाकर्षणामुळेच ना?” म्हणजे जे समजावायचे तेच चादरीखाली आधीपासून लपवून ठेवले होते. या प्रश्नाला चांगले उत्तर आहे, पण ते तीन मिनिटांत बसत नाही. टोपॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना जगभर एकच विनोद दिलेला आहे. कानाचा कप आणि मधे भोक असलेला डोनट त्यांच्या दृष्टीने सारखेच, कारण दोन्हींना एकेकच भोक. महाराष्ट्रात डोनटचा मेदूवडा होतो आणि श्रोत्यांचे लक्ष गणितावरून उठून कॅन्टीनकडे जाते. बाकी गणितज्ञांची अवस्था याहून बिकट. त्यांना स्लाइडवर काय दाखवावे तेच कळत नाही. शेवटी ते स्वतःचा विचारमग्न फोटो लावतात.

स्लाइडविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ती एकच असावी असा नियम असल्यामुळे अकरा स्लाइड एकीवर बसवलेल्या असतात.

शेवटची तीस सेकंदे ‘उपयोगा’ची. ‘याचा समाजाला काय फायदा?’ हा प्रश्न परीक्षकांनी विचारण्यापूर्वीच वक्ते उत्तर देऊन टाकतात, आणि उत्तरे ठराविक असतात. जीवशास्त्राचे प्रबंध कर्करोगावर किंवा अल्झायमरवर संपतात. पदार्थविज्ञानाचे बॅटरीवर संपतात. महाराष्ट्रात त्यात शेतकऱ्याची भर पडते. ज्या प्रबंधाचा शेतीशी संबंध शोधताना दमछाक व्हावी, त्याच्याही अखेरच्या वाक्यात बळीराजा उभा असतो. चिलटांवर काम करणारीला अल्झायमरपर्यंत पोचायला अडचण पडत नाही. माणसाच्या रोगांशी निगडित असलेल्या बऱ्याच जनुकांचे जोडीदार माशीत सापडतात, हे खरेच आहे. त्या जोडीदारापासून औषधाच्या दुकानापर्यंतचे अंतर सहसा काही दशकांचे असते. तेवढेच सांगायचे राहते.

आपल्याकडे कार्यक्रमाला सोहळ्याचे रूप देण्याची पद्धत असल्यामुळे तीन मिनिटांच्या भाषणांना पाऊण तासाचे प्रास्ताविक लागते. दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद करतात, समई लागल्यावर ते पुन्हा सुरू करायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. प्रमुख पाहुण्यांचा परिचय त्यांच्या संशोधनाच्या यादीसह वाचला जातो. पाहुणे ‘मी आपला फार वेळ घेणार नाही’ या वाक्याने सुरुवात करतात, आणि जाणकार श्रोते तेवढ्यावरून चहाची वेळ पुढे ढकलतात. थोडक्यात बोलणे ही कला किती दुर्मिळ आहे यावर पाहुणे पंचवीस मिनिटे बोलतात. मग स्पर्धकांना सूचना देण्यात येते, की वेळ कमी उरल्यामुळे प्रत्येकाने अडीच मिनिटांत आटोपावे.

श्रोत्यांमध्ये पहिल्या दोन रांगा ज्येष्ठांच्या असतात. तेच लक्ष देऊन ऐकतात, हे कोणत्याही आयोजकाला मान्य असते. त्यांत एक निवृत्त अभियंता असतो. तो उभा राहून ‘माझा प्रश्न नाही, मी फक्त थोडी भर घालतो’ असे म्हणतो आणि स्पर्धेतले सर्वांत लांब भाषण करतो. एकाच्या पिशवीत आइन्स्टाइन कुठे चुकला हे सिद्ध करणारी, स्वखर्चाने छापलेली पुस्तिका असते. तिची प्रत प्रत्येक स्पर्धकाला मिळते आणि जीवशास्त्राचे विद्यार्थीही त्यातून सुटत नाहीत. मागच्या रांगांत प्रमाणपत्रासाठी आणलेली महाविद्यालयीन मुले. मध्ये कुठेतरी स्पर्धक मुलीची आई असते. मुलगी एवढी वर्षे काय करते हे तिला आज प्रथमच कळणार असते, आणि ‘माश्या’ हा शब्द ऐकून ती डाव्या-उजव्या बाजूला बघते.

प्रश्नोत्तरे हा या सगळ्या प्रकाराचा सर्वांत सरस भाग, आणि तीन मिनिटांच्या स्पर्धेत नेमकी त्यांनाच जागा नाही. ती खुल्या कार्यक्रमांत ऐकायला मिळतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ‘चाय अँड व्हाय’ हे रविवारचे कार्यक्रम २००९ पासून चालत आले आहेत. तिथे चहा नावातच असल्यामुळे त्याची वाट बघावी लागत नाही. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचे दरवाजे सर्वांसाठी उघडे असतात. त्याच सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात विज्ञानमेळा भरतो. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ही दुर्बीण पाहायला शाळांच्या सहली येतात, आजूबाजूच्या गावांतली माणसे येतात. तिथे पल्सारविषयी सांगायला उभा राहिलेला विद्यार्थी, सेकंदाला तीसदा फिरणाऱ्या ताऱ्यावर लोक थक्क होतील अशा अपेक्षेने थांबतो. लोक तबकडीकडे बघून विचारतात, “दिवसा चालते का ही?” प्रश्न साधा दिसतो, पण रेडिओ लहरी आणि प्रकाश यांतला फरक नेमका त्यातच आहे, ही दुर्बीण दिवसाही चालते. पुढचा प्रश्न, “आभाळ आलं तर?” तरीही चालते, एवढ्या लांब लहरींना ढग आडवे येत नाहीत. “मग मोबाइल कशाला बंद करायला लावता?” कारण अब्जावधी मैलांपलीकडच्या क्षीण संदेशापुढे खिशातला मोबाइल म्हणजे कानाशी लावलेला कर्णा. तीन प्रश्नांत रेडिओ खगोलशास्त्राचा पहिला धडा पुरा होतो आणि विद्यार्थ्याने पाठ केलेला पल्सार तसाच राहतो. चौथा प्रश्न पगाराविषयी असतो.

फळमाशीवालीलाही असाच एक कार्यक्रम मिळतो. डोपामिन, मशरूम बॉडी, झोपेचे कर्ज हे सगळे सांगून झाल्यावर तिसऱ्या रांगेतून एक काकू हात वर करतात.

“केळी आणली की दुसऱ्या दिवशी ही चिलटं होतात बघ. ती घालवायची कशी?”

सभागृहात या क्षणी प्रथमच संपूर्ण शांतता पसरते. विद्यार्थिनीने पाच वर्षे ही चिलटे जगवण्यात घातलेली असतात. ती मरू नयेत म्हणून दिवाळीतही ती प्रयोगशाळेत आलेली असते. प्रबंधाच्या सहा प्रकरणांपैकी एकही त्यांना घालवण्याविषयी नाही. पण आंबण्याच्या वासाला माशी भुलते हे तिला माहीत असते, कारण त्याच वासाने तिच्या स्वेटरवरही चिलटे बसतात. ती सांगते, की वाटीत थोडे व्हिनेगर घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. माशी वासाने येते. साबणामुळे पृष्ठताण कमी झालेला असल्याने तिला वर तरंगता येत नाही, ती बुडते. सगळे सभागृह ते लिहून घेते. दुसरी बाई विचारते, की झोपच येत नाही, गोळी कोणती घ्यावी. त्याचे उत्तर तिला देता येत नाही, आणि ‘मी तशी डॉक्टर होणार नाही’ हे सांगावे लागते. आईच्या चेहऱ्यावरून हे तिलाही नवीन असल्याचे दिसते.

दुसऱ्या दिवशी बातमी येते. ‘झोपेचे रहस्य उलगडले, पुण्यातील संशोधिकेचे यश’. खाली फोटो, त्यात विद्यार्थिनी उजवीकडून चौथी आणि अर्धी, कारण मधे समई आहे. निद्रानाशावर लवकरच औषध येणार असे मजकुरात म्हटलेले असते. शेजारच्या चौकटीत चिलटांवरचा घरगुती उपाय. संपूर्ण बातमीत शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष असलेला भाग तेवढाच. गाईडचा फोन सकाळी आठच्या आत येतो. ‘रहस्य’ हा शब्द कोणी वापरला, अशी पहिली चौकशी होते. आपले नाव का नाही, अशी दुसरी. याच क्षेत्रात काम करणाऱ्या बंगळुरूच्या एका मित्राने ती बातमी त्यांना हसरे चित्र जोडून पाठवलेली असते.

यानंतर काही महिन्यांनी खुली मौखिक परीक्षा होते. नियमाने तीही सर्वांसमोर घ्यायची असते, म्हणजे पुन्हा श्रोते. सवयीने विद्यार्थिनी “तुम्ही कधी विचार केला आहे का, की आपल्याला झोप का येते?” असा आरंभ करते. बाह्य परीक्षक चष्म्यावरून पाहतात आणि तक्ता ४.३ मध्ये माश्यांची संख्या बत्तीसऐवजी एकतीस का आहे, असे विचारतात. एक माशी नळीतून निसटली होती, असे खरे उत्तर ती देते. पाच वर्षांत काय काय बिघडले याची चौकशी प्रथमच कोणी केल्यामुळे ती माइट्सचीही हकिगत सांगते, आणि नातेवाइकांच्या रांगेत तीच सर्वांत आवडते. प्रबंध मान्य झाल्याचे जाहीर होते, टाळ्या होतात, बटाटेवडे येतात. चहाचा कप घेऊन बाह्य परीक्षक तिला खिडकीशी बोलावतात. चौकटीतला उपाय त्यांच्या घरी करून पाहिला, पण एकही चिलट बुडाले नाही. व्हिनेगर कोणते घ्यायचे, साधे की सफरचंदाचे?

सफरचंदाचे.